नावं ठेवलेली गाडी

पिंपळकोंडातल्या तुळशीरामने जन्मात कशालाही नुसतं चांगलं म्हटलं नाही. चांगलं म्हणायचा, अगदी तोंड भरून म्हणायचा, पण तिथे थांबायचा नाही. "भाकरी चांगली हाय," म्हणायचा, आणि वेणूबाई हात पुसून जरा सैलावून बसल्या की पुढचं यायचं, "पण कडा कच्च्या ऱ्हायल्या." देवळाला नवा कळस बसला तेव्हा सगळी वाडी माना वर करून बघत होती. तुळशीरामनेही बघितलं. "कळस चांगला हाय," तो म्हणाला, "पण देऊळ बुटकं दिसाय लागलं." त्या दिवसापासून लोकांना ते देऊळ खरोखरच बुटकं दिसतं, आणि तो राग अजून कोणाचा गेलेला नाही.

दुसऱ्या एखाद्या गावाने असल्या माणसाला चार हात लांब ठेवलं असतं. पिंपळकोंडाने त्याला कामाला लावलं. बोर्ली आणि म्हसळ्याच्या मधल्या त्या डोंगरपट्टीत एक जुनी रीत आहे. बैल घ्यायचा असो, म्हैस असो, जुना पंप असो की उतरवलेली कौलं असोत, घेणारा एकटा कधी जात नाही. त्याला वस्तू आवडलेली असते, आणि ज्याला वस्तू आवडली त्याच्या तोंडून खोट कशी निघणार. म्हणून खोड काढायला एक माणूस सोबत न्यायचा. घेणाऱ्याने मुकाट उभं राहायचं, नेलेल्या माणसाने नावं ठेवायची. विकणाऱ्याचा चेहरा पडला की भावही पडतो. मग सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. विकणाराही मनावर घेत नाही, कारण उद्या म्हैस घ्यायला निघाला की त्यालाही असाच माणूस शोधावा लागतो.

ह्या कामात तुळशीरामचा हात धरणारा सगळ्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. तो आधी काहीच बोलायचा नाही. हात पाठीमागे बांधून वस्तूभोवती एक चक्कर, मग उलट्या बाजूने आणखी एक चक्कर. मग थांबून म्हणायचा, "चांगली हाय." विकणाऱ्याचा चेहरा खुलायचा. तुळशीराम त्याला पुरता खुलू द्यायचा, त्यात त्याला फार गोडी वाटायची, आणि मग हळूच म्हणायचा, "पण."

सुनेच्या बाबतीतही त्याने हेच केलं. विनेशसाठी प्रणालीला बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी रिकामी करून त्याने सांगितलं, "पोरगी चांगली हाय, पण चालते भराभर." आतल्या खोलीत निघालेली प्रणाली उंबऱ्यात थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "मग मामा, तुम्हीही उचला पाय." बैठकीतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वेणूबाईंनी मात्र त्याच क्षणी मनाशी ठरवलं की सून करायची तर हीच. लग्नाला आठ वर्षं होऊन गेली होती, आणि सासऱ्या-सुनेची ती झटापट अजून संपली नव्हती. दोघांनाही ती संपायला नको होती.

प्रणाली म्हसळ्याच्या शाळेत शिकवायची. विनेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला होता, तो शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे प्रणालीचं रोजचं जाणं-येणं वाडीतल्या सदाच्या मिनिडोर रिक्षावर चालायचं. मिनिडोर सहाजणांची, सदा बारा बसवायचा, आणि तुळशीराम रोज सकाळी रस्त्याकडेला उभा राहून त्याला नावं ठेवायचा. मार्चमध्ये सदाने मिनिडोर विकून टाकली आणि बंदरावर ट्रेलर चालवायला गेला. सकाळी वाडीतून शाळेच्या वेळेला पोचवणारं दुसरं काही उरलं नाही. प्रणाली कधी कोणाच्या मोटारसायकलवर, कधी विटांच्या टेम्पोत पुढे बसून जायला लागली.

एप्रिलमध्ये विनेशचा फोन आला. तुळशीरामने कानाला लावला. "बाबा, असे हाल किती दिवस काढायचे तिने? जूनपासून म्हसळ्यात खोली घेतो. मृणालीचं नावही त्याच शाळेत घालायचंय. दोघी तिकडेच राहतील, सुट्टीला येतील."

मृणाली म्हणजे नात, पाच वर्षांची. ती सगळ्या घरात एकाच माणसाच्या पावलावर पाऊल टाकून चालायची. आदल्याच दिवशी जेवताना तिने वेणूबाईंना गंभीरपणे सांगितलं होतं, "आजी, भात चांगला हाय, पण गरम हाय." तुळशीरामला त्या दिवशी ठसका लागेपर्यंत हसू आलं होतं. ती पोर जूनपासून ओट्यावर दिसणार नव्हती.

"खोली कशाला?" तो फोनमध्ये म्हणाला. "गाडी घेऊ. प्रणालीला चालवता येते, तिच्या भावानं शिकिवलीय. दोघी जातील नि येतील."

"जुनी घ्यावी लागेल, बाबा."

"जुनीच घेऊ. मी बघतो."

तुळशीरामने फोन खाली ठेवला. वेणूबाईंनी प्रणालीकडे बघितलं, प्रणालीने वेणूबाईंकडे बघितलं. तुळशीराम एखादी गोष्ट स्वतःसाठी बघतो म्हणजे काय, हे दोघींना पुरतं ठाऊक होतं. गेली चार वर्षं तो दारातल्या पायरीसाठी दगड बघत होता आणि सगळे अजून चिखलातूनच घरात येत होते.

झालंही तसंच. म्हसळ्यातली पहिली गाडी त्याने दोन चकरा मारून बघितली. "चांगली हाय, पण रंग नवा हाय. नवा रंग कोन लावतो? ज्याला जुनं झाकायचं आसतं तो." माणगावची दुसरी गाडी जुन्या रंगाची होती. "चांगली हाय, पण रंग किती जुना. ज्यानं रंगाकडं बघितलं न्हाय, त्यानं इंजनाकडं काय बघितलं असंल?" श्रीवर्धनला परेश नावाच्या एका मासळीवाल्याची गाडी होती, तिच्यात तुळशीरामने नुसतं नाक घातलं आणि बाहेर काढलं.

"मामा, सुकट आपल्या घरात बारा महिने असते," प्रणाली म्हणाली.

"घरात आसते. घर काय म्हसळ्याला जात न्हाय रोज."

चौथ्या गाडीत त्याला काहीच सापडेना. तिच्याभोवती त्याने तीन चकरा मारल्या, खाली वाकला, ओणवा झाला, उठला. मालक आशेने बघत उभा होता. शेवटी तुळशीरामचे डोळे चमकले. "गाडी लई चांगली हाय," तो म्हणाला, "पण एवढी चांगली गाडी कुनी इकल का?" आणि तो खरोखरच संशयाने घरी परत आला.

असं करत मे महिना उजाडला. काजू संपले, फणस पिकले, आणि विनेशने म्हसळ्यात एक खोली बघूनही ठेवली. तुळशीरामला रात्री झोप लागेना. गाडी पाहिजे हे त्याला पुरेपूर कळत होतं. निघताना तो मनाशी ठरवूनच निघायचा की आज घ्यायचीच. पण समोर गाडी उभी राहिली की पाय आपोआप चकरा मारायला लागायचे, डोळे आपोआप गंजाचे ठिपके टिपायला लागायचे, आणि जीभ तर कोणाच्या बापाला विचारायची नाही. घरी येऊन तो मृणालीकडे बघायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

वेणूबाईंनी एका संध्याकाळी फणस कापता कापता नेमकं बोट ठेवलं. "आवो, घेनारा मानूस खोड काढाय दुसऱ्याला नेतो. तुमी काय केलंत? खोड काढनारे तुमीच, नि घेनारे पन तुमीच. त्या गाडीवर जीव जडाय सोबत कोन होतं?"

तुळशीराम आ वासून बघत राहिला. आख्खा जन्म दुसऱ्यांचे बैल आणि म्हशी नाकारण्यात गेला, आणि आवडून घेणं हे त्या व्यवहारातलं अर्धं काम असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते काम प्रत्येक वेळी दुसरं कोणीतरी मुकाट करत असायचं.

"ते काम मी केलंय," प्रणाली दारातून म्हणाली. "काल बोर्लीला जाऊन एक गाडी बघून आले. चालवूनही बघितली. मला आवडलीय, मामा. करडी आहे, छोटी आहे, घाटात दम खात नाही. मला तीच पाहिजे."

"कुनाची?"

"नीराबाईंची."

तुळशीरामच्या हातातला गरा खाली पडला.

त्याचं असं झालं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी वाडीतल्या गणराजला गाडी घ्यायची होती, आणि खोड काढायला त्याने अर्थातच तुळशीरामला नेलं होतं. गाडी बोर्लीच्या नीराबाईंची. त्यांचे यजमान बाबाजी वर्षापूर्वी वारले होते आणि गाडी अंगणात पडून होती. गणराजबरोबर त्याचे दोन-तीन मित्र होते, शेजारपाजारचे चारजण कुंपणापाशी जमले होते, आणि एवढे लोक बघून तुळशीरामला भलताच चेव चढला. दार लावताना वाजतं. हॉर्न घसा बसल्यासारखा. क्लच दाबायला पाय लोखंडाचा पाहिजे. दिवे इतके बारीक की समोर रेडा आला तर रेड्यालाच बाजूला व्हावं लागेल. लोक खदाखदा हसत होते. तुळशीराम ड्रायव्हरच्या सीटवर बसला, उठला, पुन्हा बसला आणि म्हणाला, "हितं एका बाजूला खड्डा पडलाय. मालक वाकडा बसायचा. वाकडा बसनारा गाडी सरळ कशी चालवील?"

त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला होता. नीराबाई दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत निघून गेल्या. बाबाजींच्या कमरेचं हाड मोडलेलं होतं, शेवटची सहा वर्षं त्यांना एका अंगावरच बसता यायचं, हे तुळशीरामला मागाहून बोर्लीच्या नाक्यावर कळलं. गणराजने गाडी घेतली नाही. एवढी नावं ऐकल्यावर ती कोण घेणार. दुसरं कोणी बघायलाही फिरकलं नाही. तेव्हापासून तुळशीराम बोर्लीला गेला की नीराबाईंच्या गल्लीवरून न जाता लांबून वळसा घालून जायचा.

"ती मला दारात उभा करायची न्हाय," तो म्हणाला.

"मी विचारलंय. त्या म्हणाल्या, सासऱ्याला घेऊन ये, त्याच्याशिवाय सौदा नाही."

दुसऱ्या दिवशी तुळशीराम सुनेच्या मागे मागे, अंग चोरून नीराबाईंच्या अंगणात शिरला. नीराबाई सत्तरीच्या, अंगाने बारीक, डोळ्यांनी तिखट. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

"साखर कमी-जास्ती झाली आसंल तर आताच सांग," त्या म्हणाल्या. "मागनं नाक्यावर नको."

तुळशीरामने कप तोंडाला लावला आणि मान खाली घातली. चहात आलं जरा जास्त होतं. त्याने ते कसंबसं गिळलं.

मग नीराबाईंनी गाडी दाखवायला सुरुवात केली. आधी दार उघडून लावलं. मुळीच आवाज आला नाही. "हे तू बोलला होतास," त्या म्हणाल्या. मग आत हात घालून हॉर्न दाबला, शेजारची कोंबडी पंख फडफडवत पळाली. "हेही बोलला होतास." क्लच नवा घातला होता. घराच्या भिंतीसमोर गाडी उभी होती, नीराबाईंनी दिवे लावले तशी दिवसाउजेडी ती भिंत झळकली. "आनि हे रेड्यासाठी." तुळशीरामने ठेवलेलं एकेक नाव त्या बाईने पाठ करून ठेवलं होतं आणि मेकॅनिककडे जाऊन एकेक दुरुस्त करून घेतलं होतं. त्याने नावं ठेवली नसती तर गाडी जुनीच राहिली असती. आता ती चांगली झाली होती, आणि ती त्याच्यामुळेच चांगली झाली होती, आणि ह्याचं त्याला काय वाटावं ते कळेना.

एकच गोष्ट तशीच होती. ड्रायव्हरची सीट एका बाजूला दबलेली होती.

"ती न्हाय भरून घेतली," नीराबाई म्हणाल्या. "ती त्यांची हाय."

तुळशीरामने सीटकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याला आपली लाज वाटली.

"भाव तुझ्या सुनेशी ठरलाय," नीराबाई पुढे म्हणाल्या. "पोर सरळ हाय, तिच्याशी मी घासाघीस केली न्हाय. माझं मागनं तुझ्याकडं हाय. ज्या तोंडानं माझ्या गाडीला नावं ठेवलीस, त्याच तोंडानं ती चांगली हाय म्हन. माझ्या अंगनात नको. उद्या सकाळी बोर्लीच्या नाक्यावर, चार मानसांत. नि पुढं पण-बिण कायबी न्हाय. पण म्हनलास की चावी माझ्या कनवटीला."

"म्हनतो की," तुळशीराम म्हणाला. "त्यात काय?"

घरी येईपर्यंत त्याला घाम फुटला होता.

त्या रात्री त्याने सराव करायला घेतला. जेवताना आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, "आमटी चांगली हाय." आणि ओठ घट्ट मिटून घेतले. वेणूबाई पुढच्या शब्दाची वाट बघत राहिल्या. तो आला नाही. तुळशीरामच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. वेणूबाईंनी उठून त्याच्या कपाळाला हात लावला.

"अंग तर गरम न्हाय," त्या घाबरून प्रणालीला म्हणाल्या. "सकाळी डाक्टरकडं न्या यांना."

"आमटी खारट हाय," तुळशीराम एका दमात बोलून मोकळा झाला, आणि वेणूबाईंच्या जिवात जीव आला.

मग त्याने मृणालीच्या चित्रावर सराव केला. तिने एक गाडी काढली होती. "चांगली हाय," तो म्हणाला, आणि आजोबा गप्प झालेले बघून नात स्वतःच पुढे बोलली, "पण चाकं लहान हायत." तुळशीरामने कपाळाला हात लावला. घरात कोणाचाच उपयोग नव्हता.

सकाळी बोर्लीच्या नाक्यावर नेहमीची गर्दी होती. मासळीवाल्या पाट्या मांडून बसल्या होत्या, रिक्षावाले चहाच्या टपरीशी रेंगाळत होते. नीराबाईंनी कोणाकरवी तरी गाडी आणून बरोबर टपरीच्या तोंडाशी उभी केली होती आणि बातमीही आदल्या संध्याकाळीच पोचवली होती. त्यामुळे ज्यांना काही घ्यायचं नव्हतं तेही पिशव्या घेऊन आले होते. गणराज तर सगळ्यांच्या पुढे, हातात चहाचा ग्लास घेऊन उभा होता.

"या काका," तो म्हणाला. "आमच्या टायमाला हिच्यात काय काय निघालं होतं, आठवतंय ना?"

सवयीने तुळशीरामचे हात पाठीमागे गेले आणि त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग उलट्या बाजूने आणखी एक. लोक गालात हसत होते. मागच्या चाकापाशी त्याला एक गंजाचा ठिपका दिसला, बोटभर, कोणालाही न दिसलेला, खुद्द त्यालाही दिवाळीआधी न दिसलेला. त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत तो आला. प्रणाली टपरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिने काही खूण केली नाही, नुसती बघत होती. तिच्या खांद्याला तिची शाळेला न्यायची पिशवी होती. ती पिशवी म्हसळ्याच्या खोलीत खुंटीला टांगलेली त्याला दिसली, आणि खोलीच्या दारात बसलेली मृणालीही दिसली, कोणाला नावं ठेवावीत ते न कळून गप्प बसलेली.

"गाडी चांगली हाय," तुळशीराम म्हणाला.

एका मासळीवालीने पाण्याचा शिपका मारायला उचललेला हात तसाच धरला. सगळे पुढच्या शब्दासाठी थांबले होते. गणराजने तर त्याच्या मदतीला मान पुढे केली, जणू शब्द ओठांवर अडकला असला तर ओढून काढावा. तुळशीरामने जबडा आवळून धरला. मानेवरून घाम ओघळत होता. इतक्या वर्षांत लोकांनी त्याच्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं, आणि त्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

"सगळीच?" नीराबाईंनी विचारलं. "सीट धरून?"

तुळशीरामने त्यांच्याकडे बघितलं. हे त्याने घोकलेलं नव्हतं.

"सीट धरून," तो म्हणाला. "तवा मला बाबाजीच्या कमरेचं ठावं न्हवतं, नीराबाय. ठावं आसतं तरी मी बोलायला न्हाय पायजे होतं. येवडं दुखनं घिऊन तो गाडी हाकायचा, नि कुनाला कधी धक्का दिला न्हाय त्यानं. सीट हाय तशी चांगली हाय."

नीराबाईंनी एकदा त्या सीटकडे बघितलं. मग त्यांनी कनवटीची चावी काढली आणि तुळशीरामच्या शेजारून जाऊन प्रणालीच्या हातात दिली. "संबाळून चालव," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत मासळीच्या पाट्यांकडे वळल्या. तिथे त्यांनी लगेच एका बांगड्याचे कल्ले उघडून त्याला नावं ठेवायला सुरुवात केली.

गणराजने ग्लास टपरीवर ठेवला. "काका, हे बरं न्हाय केलंत," तो खरोखरच नाराजीने म्हणाला. "पुढल्या हप्त्यात मला म्हैस घ्यायचीय. आता तुमचं कोन ऐकंल? म्हशीवाला म्हनंल, हा तर चांगलंही बोलतो."

त्याचं खरं होतं. तुळशीरामचं दुकान त्या सकाळी त्या नाक्यावर बंद झालं, हे त्यालाही कळलं होतं. तो मुकाट्याने गाडीत प्रणालीच्या शेजारी बसला. दार लागलं, आवाज आला नाही.

बोर्ली मागे पडली. मे महिन्याचं ऊन रस्त्यावर तापलं होतं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून गरम वारा येत होता आणि तुळशीराम समोर बघत, गुडघ्यांवर हात ठेवून, ओठ मिटून बसला होता. वळणावर दोन ओळखीची माणसं दिसली, त्यांनी हात केला, त्याने नुसती मान हलवली. प्रणालीने एकदा त्याच्याकडे बघितलं, दोनदा बघितलं. मग तिने बटण दाबलं आणि एकेक करून चारी काचा वर केल्या.

"काय करतेस? उकडतंय," तुळशीराम म्हणाला.

"मामा, आता बोला," प्रणाली म्हणाली. "बाहेर कोणाला ऐकू जात नाही."

तुळशीरामने तिच्याकडे बघितलं. तिचं लक्ष रस्त्यावर होतं, पण तोंडावर हसू होतं. त्याने एक दीर्घ श्वास घेतला.

"मागल्या चाकाला गंज हाय," त्याने सुरुवात केली. "बोटभर. तुमाला कुनाला दिसला न्हाय. आनि हा आरसा बघ, ह्यात मानूस बारीक दिसतो. गियरचा हा गोळा कोनी बसिवलाय? हात लावला तर फिरतो. टपावर मधेच पोचा आलाय, नारळ पडला आसंल, नारळाखाली गाडी लावनारा मानूस काय म्हनायचा. पुढच्या काचेला वायपर हाय तो एकच बाजू पुसतो. आनि आलं, प्रणाली, त्या बायच्या चहात आलं किती होतं." एवढं सगळं एका श्वासात झालं आणि दुसऱ्या श्वासात तो सीटच्या पट्ट्याकडे वळला. घामाने अंगरखा पाठीला चिकटला होता, पण आदल्या दिवसापासून छातीवर बसलेला दगड उतरल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता. प्रणाली प्रत्येक नावाला "व्हय मामा" म्हणत होती आणि गाडी सावकाश चालवत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश.

पिंपळकोंडाचा फाटा आला. ओट्यावर उभ्या असलेल्या वेणूबाई आणि त्यांच्यापुढे उड्या मारणारी मृणाली लांबूनच दिसली. तुळशीराम बोलायचा थांबला. तो मृणालीच्या उड्यांकडे बघत राहिला.

"आनखी एक ऱ्हायलं," तो मग म्हणाला, आवाज खाली आणून. "हिचे दिवे बारीक हायत. अंधार पडायच्या आत दोघी घरी येत जा."

प्रणालीला दिवे ठाऊक होते. कालच त्यांनी दोघांनी ते नीराबाईंच्या भिंतीवर झळकताना बघितले होते. तिने काच खाली केली आणि गाडी दारात वळवली.

"व्हय मामा," ती म्हणाली. "फारच बारीक आहेत."